परिपूर्ण इष्टिका : एका न सुटलेल्या प्रश्नाचा इतिहास

१

शालेय गणिताच्या मराठी पुस्तकांत पेटीच्या आकाराला 'इष्टिकाचिती' असा शब्द आहे. वर्गात तो उच्चारताना मुले अडखळतात आणि परीक्षा संपली की विसरतात. परंतु शब्द जुना आणि अर्थवाही आहे. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे विटांची रचना, यज्ञवेदीसाठी रचलेला थर. वेदी बांधणाऱ्यांना काटकोन अचूक हवा असे, आणि तो दोरीने साधावा लागे. शुल्बसूत्रांतील भूमिती या गरजेतून आलेली आहे. आयताच्या कर्णाला तेथे 'अक्ष्णया रज्जू', म्हणजे तिरकी दोरी, असे नाव आहे. ज्यांच्या बाजू आणि कर्ण तिन्ही पूर्णांकांत मोजता येतात असे आयत बौधायनाने नमूद केले आहेत : तीन, चार, पाच, पाच, बारा, तेरा, आठ, पंधरा, सतरा, आणि आणखी काही.

युरोपात अठराव्या शतकात याच विचाराची पुढची पायरी गाठली गेली आणि योगायोग असा की तिलाही विटेचेच नाव पडले : 'ऑयलरची वीट'. आयताऐवजी आता वीट घ्यायची. तिला लांबी, रुंदी आणि उंची अशी तीन मापे; तिच्या पृष्ठांवर तीन वेगवेगळे कर्ण; आणि एका कोपऱ्यापासून पोटातून आरपार समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक अंतःकर्ण. एकूण सात लांब्या. या सातही पूर्णांकांत याव्यात अशी वीट असू शकते का? अशा विटेला गणिती 'परिपूर्ण' म्हणतात. ती आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

साहित्याच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्यामागे आमचा हेतू आहे. या विटेच्या शोधात गणिताने गेल्या शंभर वर्षांतील आपले एक अत्यंत समर्थ साधन वापरून पाहिले. त्या साधनाने विटेविषयी विलक्षण तपशिलाने सांगितले. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही. एखाद्या गोष्टीविषयी पुष्कळ कळणे आणि ती गोष्ट आहे की नाही हे कळणे यांत किती अंतर असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

२

आरंभ पाउल हाल्के या हिशेबनिसांच्या परंपरेतील जर्मन गणित्यापासून करावा लागतो. त्याचे गणिती कोड्यांचे पुस्तक हॅम्बुर्ग येथे १७१९ साली निघाले. त्यात एक वीट आहे : ४४, ११७ आणि २४०. तिच्या तीन पृष्ठांचे कर्ण १२५, २४४ आणि २६७ येतात. ४४ चा वर्ग १९३६ आणि ११७ चा १३६८९. बेरीज १५६२५, म्हणजे १२५ चा वर्ग. उरलेले दोन कर्ण वाचकांनी स्वतः पडताळून पाहावेत. सातांपैकी सहा लांब्या पूर्णांकांत आल्या. सातवी, अंतःकर्णाची, फसते : तिचा वर्ग ७३२२५ येतो आणि ही संख्या २७० आणि २७१ यांच्या वर्गांच्या मध्ये कुठेतरी अडकलेली आहे.

यानंतर केंब्रिजच्या निकोलस साँडरसनने अशा विटा पाडण्याचा साचाच दिला. कोणताही पूर्णांकी काटकोन त्रिकोण घ्या. त्याची एक बाजू, दुसरी बाजू आणि कर्ण यांचा गुणाकार करून त्याची चौपट करा. ती विटेची एक बाजू. दुसऱ्या बाजूच्या वर्गाची चौपट आणि कर्णाचा वर्ग यांतील फरकाला पहिल्या बाजूने गुणा, ती दुसरी. हेच त्रिकोणाच्या बाजूंची अदलाबदल करून करा, ती तिसरी. तीन, चार, पाच हा त्रिकोण घातला की साच्यातून हाल्केचीच वीट बाहेर पडते. पूर्णांकी काटकोन त्रिकोण अनंत आहेत, म्हणून विटाही अनंत. मात्र सगळ्या विटा या साच्यातून निघत नाहीत.

साँडरसन वयाच्या पहिल्याच वर्षी देवीच्या रोगाने अंध झाला होता. तरीही १७११ साली तो केंब्रिजमध्ये न्यूटनच्या आसनावर प्राध्यापक म्हणून बसला आणि प्रकाशशास्त्रावरही व्याख्याने देत असे. त्याचा बीजगणितावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७४० साली प्रसिद्ध झाला. साहित्याच्या अभ्यासकांना तो दुसऱ्या वाटेने भेटतो : देनी दिदेरोने १७४९ साली अंधांविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात मरणशय्येवरील साँडरसनच्या तोंडी नास्तिक वाटावे असे कल्पित भाषण घातले आहे. त्याच वर्षी दिदेरोला व्हँसेनच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले आणि त्यामागे या पत्राचाही हात होता. सृष्टीच्या रचनेवरून कर्त्याचे अस्तित्व सिद्ध होते या युक्तिवादाला तेथे साँडरसन हरकत घेतो. ज्याने ती रचना पाहिलेलीच नाही त्याला हा पुरावा कसा पटावा? वीट प्रत्यक्ष न पाहणारा हा माणूस विटांचा साचा देऊन गेला.

लिओन्हार्ड ऑयलरने १७७० च्या आपल्या बीजगणितात हाच प्रश्न घेतला, तेव्हा त्याचीही दृष्टी जवळजवळ गेलेली होती. ग्रंथ त्याने सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला. विटेला पुढे नाव ऑयलरचे लागले. हाल्के आणि साँडरसन यांची नावे टीपांमध्ये गेली. साहित्याच्या इतिहासात असे घडते तसेच.

सातपैकी सहा लांब्या इतर प्रकारांनीही साधतात. १०४, १५३, ६७२ ही वीट पाहावी. तिचे दोन पृष्ठकर्ण १८५ आणि ६८० आहेत, आणि अंतःकर्णही नेमका ६९७ येतो. पण उरलेला तिसरा पृष्ठकर्ण फसतो. एक भोक बुजवावे तर दुसरे उघडे पडते. अडीचशे वर्षे हे असेच चालले. यंत्रगणक आल्यावर फार मोठ्या मर्यादेपर्यंत शोध घेतला गेला, परंतु परिपूर्ण वीट निघाली नाही. न सापडणे म्हणजे नसणे नव्हे, आणि पूर्णांकांना अंत नाही.

३

मग प्रश्न विचारण्याची रीत बदलली. एकेक वीट शोधण्याऐवजी सर्व शक्य विटांचा मिळून होणारा आकार पाहावा, असे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील भूमितीने सुचवले. लहान वीट सर्व बाजूंनी सारखी मोठी केली तर ती आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने तीच वीट राहते. म्हणून आकारमान बाजूला ठेवून प्रमाण तेवढे पाहायचे. तीन मापांचे प्रमाण दोन स्वतंत्र संख्यांनी ठरते. अशा प्रकारे प्रत्येक वीट एका बिंदूने दाखवली तर सर्व विटांचे मिळून एक पृष्ठ होते : दोन दिशांनी पसरलेले, परंतु अनेक मितींच्या अवकाशात गुंडाळलेले. समीकरणांनी ठरणाऱ्या अशा पृष्ठाला बैजिक पृष्ठ म्हणतात. त्याच्यावरील बहुतेक बिंदूंचे निर्देशक अपरिमेय असतात. ज्यांचे सर्व निर्देशक परिमेय आहेत, म्हणजे अपूर्णांकांत लिहिता येतात, असे बिंदू म्हणजे आपल्या हव्या असलेल्या विटा.

ऑयलरच्या विटांचे, म्हणजे सहा लांब्यांचे, पृष्ठ ज्या जातीचे आहे तिला 'के-थ्री' म्हणतात. हे नाव फ्रेंच गणिती आंद्रे वेय याने १९५८ सालच्या एका अहवालात दिले. कुमर, केलर आणि कोडाइरा या तीन गणित्यांच्या आद्याक्षरांवरून, आणि काश्मीरच्या के-टू या सुंदर शिखरावरून, असे कारण त्यानेच नोंदवले आहे. वेयला हिंदुस्थान परका नव्हता. १९३० च्या आरंभापासून सुमारे दोन वर्षे तो अलीगढ मुस्लिम विद्यापीठात प्राध्यापक होता आणि संस्कृत वाचत असे. आपल्या विभागात त्याने जे तरुण गणिती आणले त्यांत गोव्याच्या कोसबे गावी जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी होते. कोसंबी तेथून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार आणि भर्तृहरीचे संपादक म्हणून ओळखतात. त्यांच्याकडे आम्ही लेखाच्या शेवटी पुन्हा वळणार आहोत.

वेयचे या कथेतील मुख्य काम नाव ठेवण्याचे नाही. १९४९ साली त्याने काही अनुमाने मांडली. त्यांचा गाभा साध्या शब्दांत असा : एखाद्या समीकरणाची परिमेय उत्तरे सापडत नसतील तर प्रत्येक मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात त्याची उत्तरे मोजा. तीनने भागल्यावर शून्य, एक, दोन एवढ्याच बाक्या उरतात. त्या जगात सर्व काही मोजके असल्यामुळे मोजणी संपते. तीन, पाच, सात, अकरा अशी प्रत्येक मूळ संख्येची एक मोजणी होते. आणि या मोजण्या मनमानी नसतात, पृष्ठाच्या आकाराने बांधलेल्या असतात, असे वेयचे म्हणणे. अनुमानांचा सर्वांत कठीण भाग पिएर दलीन्य याने सिद्ध केला. ती सिद्धता १९७४ साली प्रसिद्ध झाली. त्याच सिद्धतेतून श्रीनिवास रामानुजन यांनी १९१६ साली एका अनंत गुणाकाराच्या सहगुणकांविषयी बांधलेला अंदाजही खरा ठरला. विटांपासून तो गुणाकार फार दूरचा वाटेल, पण तो ज्या जातीचा आहे ती जातच आपल्याला आता हवी आहे.

४

त्या जातीचे नाव मॉड्युलर फॉर्म. त्याची काटेकोर व्याख्या येथे देणार नाही, परंतु त्याचा स्वभाव मराठी कवितेच्या वाचकाला अपरिचित नाही. भुजंगप्रयाताचा एक चरण ऐकला की पुढच्या चरणांत कोठे लघु येणार आणि कोठे गुरू, हे शब्द कळण्याआधीच ठरलेले असते. वृत्ताचे नियम इतके कडक असतात की थोड्या अक्षरांवरून सगळ्या पद्याचा लगक्रम कळतो. मॉड्युलर फॉर्म हे असेच कडक नियमांनी बांधलेले एक फल आहे. त्याच्यात अनंत सममिती असतात. ते अनंत श्रेणीच्या रूपात लिहिता येते, आणि त्याचा भार आणि पातळी ही दोन लक्षणे माहीत असली की आरंभीच्या मोजक्या सहगुणकांवरून पुढचे अनंत सहगुणक निश्चित होतात.

विसाव्या शतकाच्या गणिताचा एक मोठा शोध असा की समीकरणांच्या बाक्यांतील मोजण्या आणि मॉड्युलर फॉर्मांचे सहगुणक अनेकदा एकच असतात. एकीकडे भूमिती, दुसरीकडे सममिती. आणि दोन्हीकडून एकच आकड्यांची माळ. विटेच्या बाबतीत हे आपल्याला हाताने पाहता येते.

विटेच्या तीन बाजूंच्या वर्गांना अ, ब, क म्हणू. मग अ, ब, क, अ+ब, ब+क, क+अ या सहाही संख्या वर्ग हव्यात. सहा वर्गांचा गुणाकार वर्गच असतो. म्हणून निदान या सहांचा गुणाकार वर्ग असावा एवढी सैल अट घेऊ. ही अटसुद्धा एका के-थ्री पृष्ठाचे समीकरण आहे, आणि ऑयलरची प्रत्येक वीट या पृष्ठावर आपला एक बिंदू ठेवते. आता क एक धरा आणि एखादी विषम मूळ संख्या घ्या. अ आणि ब यांना तिच्या सर्व बाक्यांतून फिरवा. सहांचा गुणाकार त्या जगात शून्येतर वर्ग निघाला तर अधिक एक, वर्ग नसलेली बाकी निघाली तर उणे एक, आणि शून्य निघाला तर शून्य लिहा. सगळ्यांची बेरीज करा.

तीनच्या जगात अ आणि ब दोन्ही एक असतील तेव्हाच गुणाकार शून्य होत नाही. तो आठ येतो, त्याची बाकी दोन, आणि तीनच्या जगात दोन हा वर्ग नाही. म्हणून बेरीज उणे एक. पाचसाठी ती ५ येते, सातसाठी उणे ७, अकरासाठी उणे २५. या आकड्यांत अजून थोडा गाळ आहे. मूळ संख्येला चारने भागून एक उरत असेल तर बेरजेतून ती मूळ संख्या वजा करायची आणि तीन उरत असतील तर मिळवायची. मग उरते : तीनसाठी २, पाचसाठी ०, सातसाठी ०, अकरासाठी उणे १४.

आता दुसरीकडे जाऊ. भार तीन आणि पातळी आठ असलेला एक मॉड्युलर फॉर्म आहे. तोही रामानुजन यांच्या फलासारखा अनंत गुणाकाराच्या रूपात लिहिता येतो. त्याचा तिसरा सहगुणक उणे २, पाचवा ०, सातवा ०, अकरावा १४. चारने भागून तीन उरणाऱ्या मूळ संख्यांसाठी चिन्ह उलटते, आकडे तेच. हा मेळ चार ठिकाणी जुळून थांबलेला नाही. तो प्रत्येक विषम मूळ संख्येसाठी सिद्ध आहे. ज्या कुटुंबात हे पृष्ठ येते त्याचा अभ्यास स्कॉट आलग्रेन, केन ओनो आणि डेव्हिड पेनिस्टन यांनी २००२ साली प्रसिद्ध केला.

त्याहून नवल पुढे आहे. या सहगुणकांचे सूत्र अगदी साधे निघते. मूळ संख्या 'एक वर्ग अधिक दुसऱ्या वर्गाची दुप्पट' अशी लिहिता येत असेल तर पहिल्या वर्गातून दुसऱ्याची दुप्पट वजा करा आणि आलेल्या उत्तराची दुप्पट करा, तोच सहगुणक. तशी लिहिता येत नसेल तर शून्य. अकरा म्हणजे नऊ अधिक दोन : नऊ वजा दोन सात, दुप्पट चौदा. सतरा म्हणजे नऊ अधिक आठ : फरक एक, दुप्पट दोन. पाच आणि सात असे लिहिता येत नाहीत. कोणत्या मूळ संख्या अशा लिहिता येतात हा सतराव्या शतकातील फेर्माचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या सर्व अवजारांनी विटांचे पृष्ठ खोदत गेल्यावर तळाशी फेर्मा भेटतो.

आणि ही गोष्ट विटेपुरती नाही. नोम एल्कीज आणि मातियास शूट यांनी २०१३ साली दाखवले की भार तीनचा, परिमेय सहगुणकांचा, आज ज्ञात असलेला प्रत्येक मूलभूत मॉड्युलर फॉर्म कोणत्या ना कोणत्या के-थ्री पृष्ठाच्या पोटी सापडतो.

५

आता सातवी अट घालू या : अंतःकर्णही परिमेय हवा. पृष्ठ बदलते. रोनाल्ड फान लाइक यांनी २००० साली उट्रेख्त येथे विद्यार्थी असताना लिहिलेल्या प्रबंधात या पृष्ठाचा पाया घातला. मिखाएल श्टोल आणि दामिआनो तेस्ता यांनी २०१० मध्ये त्याची रचना पूर्ण उलगडली. या पृष्ठाला ४८ टोकदार बिंदू आहेत. ती टोके घासून गुळगुळीत केल्यावर त्याच्यावर वक्रांच्या ज्या स्वतंत्र जाती राहू शकतात त्यांची संख्या ६४ भरते; अशा पृष्ठावर यापेक्षा जास्त शक्यच नाहीत. वक्रांनी न व्यापलेला भाग चौदा मितींचा उरतो आणि तो दोन-दोनच्या सात तुकड्यांत फुटतो : विटेच्या सात लांब्यांसाठी सात तुकडे. प्रत्येक तुकड्यामागे भार तीनचा एक मॉड्युलर फॉर्म उभा आहे. पुढे एबरहार्ड फ्रायटाग आणि रिकार्डो साल्वाती मान्नी यांनी थीटा-फलांच्या साहाय्याने या पृष्ठाचे बिंदूच लिहून दाखवले.

म्हणजे कोणत्याही मूळ संख्येच्या जगात किती परिपूर्ण विटा आहेत हे आज मोजता येते. फक्त आपल्या जगात एक तरी आहे का, हे सांगता येत नाही.

ही असमर्थता साधनाच्या दुबळेपणाची आहे काय? इतरत्र या साधनाने काय केले ते पाहिले तर तसे म्हणता येत नाही. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण काटकोन त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे. परिमेय बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचे क्षेत्रफळ नेमके पाच असू शकते का? असू शकते : बाजू ३/२ आणि २०/३, कर्ण ४१/६. एक असू शकते का? नाही, हे फेर्माने सिद्ध केले. मग कोणत्या संख्या चालतात? अरबी ग्रंथांपासून चालत आलेल्या या प्रश्नाला १९८३ साली जेरॉल्ड टनेलने मॉड्युलर फॉर्मांच्या आधारे कसोटी दिली. दोन ठरावीक समीकरणांची पूर्णांकी उत्तरे मोजायची. पहिलीची संख्या दुसरीच्या दुप्पट नसेल तर तसा त्रिकोण नाही, एवढे सिद्ध आहे; दुप्पट असेल तर आहे, हे बर्च आणि स्विनरटन-डायर यांचे अनुमान खरे धरल्यास म्हणता येते. येथे साधन अस्तित्वाविषयी बोलते आणि होकारही देऊ पाहते.

दुसरे उदाहरण फेर्माच्या शेवटच्या प्रमेयाचे. त्याच्या समीकरणाला उत्तर असतेच तर त्यातून एक विचित्र वक्र तयार झाला असता, असे गेरहार्ड फ्राय यांच्या ध्यानात आले. त्या वक्रामागे मॉड्युलर फॉर्म असलाच तर तो भार दोन, पातळी दोनचा असावा लागेल, हे केन रिबेट यांनी १९८६ मध्ये दाखवले. तसा फॉर्म एकही अस्तित्वात नाही. मॉड्युलर फॉर्म असलाच पाहिजे, हे अँड्र्यू वाइल्स यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेतून आले. एका टप्प्यावर त्यांना रिचर्ड टेलर यांची साथ होती. येथे साधनाने नकार दिला, आणि तो निर्णायक ठरला.

विटेपाशी मात्र ना होकार, ना नकार. कारण असे की वरील दोन्ही ठिकाणी मॉड्युलर फॉर्म वक्रांना जोडलेले आहेत, आणि ते वक्र विवृत्तीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचे आहेत. त्यांच्यावरील बिंदूंची बेरीज करता येते, एका बिंदूतून दुसरा निघतो. मोजणीचे आकडे आणि परिमेय बिंदू यांच्यामध्ये पूल आहे, निदान पुलाचा भरवशाचा नकाशा तरी आहे. परिपूर्ण विटेचे पृष्ठ गणितात ज्याला 'सामान्य जातीचे' म्हणतात तसे आहे. त्याच्यावर बिंदूंची बेरीज नाही. मॉड्युलर फॉर्म येथे पृष्ठाच्या घडणीचे वर्णन करतो. त्या घडणीतून एखादा परिमेय बिंदू निघेलच किंवा निघणार नाही, असे सांगणारा दुवा कोणाजवळ नाही. बोंबिएरी आणि लँग यांच्या नावाने ओळखले जाणारे अनुमान खरे असेल तर या पृष्ठावरील परिमेय बिंदू काही मोजक्या वक्रांवर आणि त्यांबाहेरच्या मोजक्या बिंदूंत सामावलेले असावेत. ज्ञात बिंदू आहेत ते, एखादी बाजू शून्य झालेल्या चपट्या विटांचे. पण ते अनुमानच अजून सिद्ध झालेले नाही.

६

येथे कोसंबींकडे वळतो. १९४८ साली त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यासाठी त्यांनी देशभरातील शेकडो हस्तलिखिते तपासली. एकही हस्तलिखित मूळ नव्हते. प्रत्येकात भर, गळती, फेरफार. कोणत्याही एका पोथीवर विसंबून राहता येत नव्हते, परंतु सगळ्या पोथ्या शेजारी शेजारी मांडल्यावर त्यांच्या शाखा दिसू लागल्या आणि सर्व शाखांना समान असा सुमारे दोनशे श्लोकांचा गाभा हाती आला. मूळ संख्यांच्या जगांतील मोजण्यांचे काम याच जातीचे आहे. तीनच्या जगातील बेरीज, पाचच्या जगातील बेरीज, या प्रत्येकीत विटेची एक सदोष, तुटपुंजी नक्कल आहे. एकटी काहीच सांगत नाही. सगळ्या एकत्र वाचल्या की त्यांच्यामागची एकच संहिता, म्हणजे मॉड्युलर फॉर्म, उभी राहते. हे साम्य आम्ही जोडलेले आहे. कोसंबींनी तसे कोठे म्हटल्याचा आमचा दावा नाही. पण अलीगढच्या एकाच विभागात काम केलेल्या दोन माणसांपैकी एकाने पोथ्यांच्या आणि दुसऱ्याने बाक्यांच्या बाबतीत सदोष नकलांवर असा भरवसा ठेवावा, हे आम्हाला उल्लेखनीय वाटते.

साम्य आणखी एका ठिकाणी टिकते. संहिता निश्चित झाली तरी कोसंबींनी आपल्या ग्रंथाच्या इंग्रजी नावात ती सुभाषिते भर्तृहरीची आहेत असे म्हटले नाही. भर्तृहरीच्या नावावर असलेली, असे म्हटले. पोथ्यांवरून संहितेचा गाभा सिद्ध होत होता. त्यामागे या नावाचा एकच कवी होता की नाही हे सिद्ध होत नव्हते. शेकडो पोथ्यांचे श्रम हाताशी असताना ही मर्यादा मुखपृष्ठावरच लिहिण्याला जी शिस्त लागते, तिचे महत्त्व साहित्याच्या अध्यापकांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे संहितेविषयी बरेच कळले की कर्त्याविषयीही कळले असे मानण्याची घाई पुष्कळ होते.

परिपूर्ण विटेच्या बाबतीत गणित्यांनी हीच शिस्त पाळलेली आहे. श्टोल आणि तेस्ता यांनी आपल्या निबंधाच्या सारांशातच अशी वीट आहे की नाही हा प्रश्न खुला असल्याचे सांगितले आहे, आणि मग पृष्ठाच्या रचनेचे पूर्ण उत्तर दिले आहे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवलेले नाही. हाल्केच्या विटेचा अंतःकर्ण २७० आणि २७१ यांच्या मध्ये जेथे १७१९ साली अडकला होता, तेथेच तो आजही आहे. दरम्यानच्या तीनशे वर्षांत त्या विटेच्या निमित्ताने साच्यांचे, पृष्ठांचे आणि सममितीचे जे ज्ञान जमले, ते वीट सापडली असती तर कोणी जमवले असते की नाही, याविषयी आम्हाला शंका आहे. उद्या ती सापडली, किंवा ती असूच शकत नाही असे सिद्ध झाले, तरी त्या ज्ञानातील एक ओळही खोडावी लागणार नाही.